टायटनवर एक टेकडी सॅमच्या नावाची हवी: नामकरण समितीला खुलं पत्र

प्रति,
ग्रहांवरच्या आणि चंद्रांवरच्या जागांना नावं देणारी समिती,
आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ

समितीतल्या सगळ्यांना सप्रेम नमस्कार,

एक टेकडी हवी आहे. डोंगर नको, सुळका नको, टेकडीच, आणि ती मला नकोय, टोल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीतल्या सॅमला हवी आहे, म्हणजे सॅम स्वतःहून असं काही मागणाऱ्यातला नाहीच, म्हणून त्याच्या वतीने आम्ही मागतोय. आम्ही म्हणजे पुण्यातली मी, न्यू जर्सीतला माझा दादा, आणि आमचा सात-आठ जणांचा गोतावळा, ज्यांची 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची पारायणं किती झाली ते आता कुणी मोजत नाही.

आधी तुमचे आभार मानायचेत, कारण ते कुणी मानताना मी पाहिलं नाही. शनीच्या टायटन या चंद्रावरच्या डोंगरांना टोल्किनच्या मिडल अर्थमधल्या, म्हणजे त्याच्या पुस्तकांतल्या जगातल्या, डोंगरांचीच नावं द्यायची आणि टेकड्यांना तिथल्या माणसांची, हा नियम तुम्ही केलात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी ऑफिसच्या बसमध्ये होते आणि शेजारच्या अनोळखी काकूंना फोन दाखवून म्हटलं, अहो हे बघा, मोरिया खरंच आहे! त्यांनी बिचाऱ्यांनी चष्मा लावून नीट बघितलं. मोरिया माँटेस, एरेबोर मॉन्स, आंगमार माँटेस, मिस्टी माँटेस, सगळे आहेत. आणि मिथ्रिम माँटेसमधलं सगळ्यात उंच शिखर ३,३३७ मीटर, म्हणजे आमच्या कळसूबाईच्या दुप्पट, टायटनवरचं सगळ्यात उंच ठिकाण. शनीभोवती फिरणाऱ्या कॅसिनी यानाच्या रडारने त्या नारिंगी धुक्यातून आरपार बघून ही उंची काढली आणि ती बातमी आली २०१६ च्या मार्चमध्ये. त्या रात्री आमच्याकडे श्रीखंड झालं होतं.

आणि डूम मॉन्स! तो नावाने तर पुस्तकातला आगीचा डोंगर माउंट डूम आहेच, पण बर्फाचा ज्वालामुखी असावा असाही शास्त्रज्ञांचा दाट संशय आहे, शेजारी सोत्रा पॅटेरा नावाचा खोल खड्डा, उतारावरून काहीतरी वाहत गेल्याच्या खुणा. शेकडो डोंगरांतून ज्याच्या पोटात आग (बरं, थंडगार आग) असण्याची शक्यता आहे त्यालाच हे नाव पडावं, हे काम ज्यांनी केलं त्यांनी पुस्तक मन लावून वाचलंय एवढं मला नक्की कळतं. आसपासच्या जमिनीपासून उंची साधारण दीड किलोमीटर. तोरणा समुद्रसपाटीपासून १,४०३ मीटर आहे, तेव्हा तोरण्याहून थोडासा चढच. मला तो डोंगर म्हणूनच समजतो, पायांना समजतो.

तुमच्या समितीशी आम्हा मराठी लोकांचं तसं जुनं नातं आहे. शुक्रावर स्त्रियांचीच नावं द्यायची या तुमच्या नियमामुळे तिथे डॉक्टर आनंदीबाई जोशींच्या नावाचं विवर आहे आणि पंडिता रमाबाईंच्या मेधावी या आडनावाचंही आहे. बुधावर व्यास आहेत, वाल्मीकी आहेत, कालिदास आहे. प्लूटोच्या शॅरॉन या चंद्रावर रेवती आहे, महाभारतातली, जी ब्रह्मदेवाला भेटून परत आली तोवर खाली युगं उलटून गेली होती. म्हणजे गोष्टीतली माणसंही आभाळात जागा मिळवू शकतात हे तुम्हाला मान्य आहे. मग मी जास्त प्रस्तावना करत नाही.

टायटनच्या टेकड्यांची यादी मी पुन्हा पुन्हा वाचलीये. बिल्बो आहे, गॅन्डाल्फ आहे, आर्वेन आहे, फारामिर आहे, हांदिर आणि निमलोथसुद्धा आहेत, आणि ही दोन नावं वाचून आमच्यातल्या जुन्या जाणत्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण इतक्या खोलात शिरून कुणी नाव शोधलं याचं कौतुकच. पण सॅमवाइज गॅमजी मला त्यात सापडत नाही. आणि गंमत बघा, जे आहेत ते बहुतेक सगळे त्याच्या ओळखीचे. बिल्बोने त्याला लिहायला-वाचायला शिकवलं. गॅन्डाल्फने त्याला खिडकीखाली चोरून ऐकताना कानाला धरून वर ओढलं आणि तिथूनच त्याचा प्रवास सुरू झाला. आर्वेनच्या लग्नाला तो हजर होता. आणि फारामिरची आणि त्यांची भेट झाली ती तर सॅमच्या चुलीमुळे, सशाचा रस्सा शिजवला, विस्तव नीट विझला नाही, धूर वर गेला आणि फारामिरची माणसं आली. धूर बघून आलेल्याला टेकडी मिळाली आणि चूल पेटवणारा राहिला!

ज्यांनी पुस्तक वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते (समितीत असं कुणी नसेल, पण पत्र खुलं आहे, कुणीही वाचेल). सगळ्या जगाला गुलाम करू शकणारी एक अंगठी आहे, ती जिथे घडली त्याच डोंगराच्या आगीत टाकायची आहे, आणि हे काम येतं फ्रोडो नावाच्या बुटक्या, शांत, घर सोडायची सवय नसलेल्या एका हॉबिटकडे (हॉबिट म्हणजे माणसांसारखेच, पण ठेंगणे लोक). सॅम त्याचा माळी. बस. तलवारबाज नाही, राजपुत्र नाही, जादू येत नाही. बागेत काम करणारा, बटाट्यावर जीव असणारा, बापही माळीच.

आता मी माझं सांगते. १९९४ साली मला कावीळ झाली. साताऱ्याला होतो आम्ही तेव्हा, दीड महिना घरात पडून, उसाचा रस आणि बिनतेलाचं जेवण, शाळा नाही, मैत्रिणी नाहीत. दादा तेव्हा कॉलेजात होता, त्याने मुंबईला फोर्टच्या फुटपाथवरून तिन्ही भागांचं एक जाडजूड जुनं पुस्तक आणलं होतं, पाठीचा पुठ्ठा सुटलेला, आणि रोज संध्याकाळी तो माझ्या कॉटशेजारी बसून इंग्रजी वाचायचा आणि मराठीत सांगायचा, थेट, न थांबता. त्याच्या तोंडून सॅमचा सॅम्या झाला. त्या अंगठीच्या वेडाने झपाटलेला गॉलम आपल्या अंगठीला 'माझं शोनं, माझं शोनुलं' म्हणायला लागला आणि आमची आजी पलीकडच्या खोलीतून ओरडायची की अरे त्या पोरीला असल्या आवाजात काय सांगतोयस, घाबरेल ती. हॉबिट लोकांचा दुसरा नाश्ता असतो हे कळल्यावर मी सकाळी दहाला पुन्हा मऊ भात मागायला लागले आणि आई खूश झाली की पोरीला भूक लागायला लागली. मी बरी झाले त्यात डॉक्टरांचा वाटा आहेच, पण आमच्या घरात अजून कुणी आजारी पडलं की पहिल्यांदा विचारतात, सॅम्या कुठपर्यंत आला होता?

त्या दीड महिन्यात मला जे लक्षात राहिलं ते युद्ध नव्हतं, काळे घोडेस्वार नव्हते. लक्षात राहिली ती मिठाची डबी. सॅम घरून निघताना एक छोटी मिठाची डबी घेतो आणि जगाच्या टोकापर्यंत ती सांभाळतो, कारण कुठेतरी काहीतरी शिजवायला मिळेल आणि मीठ नसलं तर? निघताना दोर विसरला म्हणून तो किती हळहळतो! जो कुणी सह्याद्रीत भटकलाय त्याला हे लगेच कळेल. प्रत्येक ट्रेकला एक असा असतोच, जो पातेली, काडेपेटी, कांदे, जास्तीचा दोर सगळं स्वतःच्या सॅकमध्ये कोंबतो, कुणाला बोलत नाही, आणि रात्री गडावर सगळ्यांना वाढून झाल्यावर शेवटी जेवतो. तोरण्याहून राजगडला जाताना बुधला माचीच्या पुढे माझा पाय मुरगळला होता तेव्हा आमच्यातल्या अशाच एकाने माझी सॅक आपल्या छातीवर अडकवली आणि संजीवनी माचीपर्यंत मला हाताला धरून आणलं, पूर्ण वेळ त्याच्या आईच्या हातच्या मासवडीबद्दल बोलत, म्हणजे माझं लक्ष पायाकडे जाऊ नये. तेव्हापासून त्याला आम्ही सॅम्याच म्हणतो. त्याने पुस्तक वाचलेलं नाही.

मॉर्डोरमध्ये, म्हणजे शत्रूच्या ओसाड देशात, शेवटी शेवटी ओझं कमी करायला सॅम ती पातेली फेकून देतो ना, ती दरीत खडखडत पडल्याचा आवाज त्याला कसा लागतो, ते वाचताना दादाचा आवाज अडकला होता. मला वाटलं घसा बसला. आता कळतं. आणि मग तो डोंगर. फ्रोडोला आता पाऊल उचलवत नाही, गुडघ्यांवर रांगतोय, आणि सॅम त्याला पाठीवर घेतो. अंगठीचं ओझं आपल्याला उचलता येणार नाही, पण माणूस तर उचलता येईल, एवढा साधा विचार. त्याला वाटलेलं असतं की फार जड होईल, उठवणारच नाही, आणि फ्रोडो हलका लागतो. टायटनचं गुरुत्वाकर्षण आपल्या पृथ्वीच्या साधारण सातवा हिस्सा आहे हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा हेच आठवलं. डूम मॉन्सच्या उतारावर कुणालाही कुणी हलकंच लागेल.

आता तुम्ही म्हणाल, असा माणूस आहे तर एखादा डोंगरच मागा. नाही. नियमाने डोंगराला डोंगराचंच नाव हवं हे एक, आणि दुसरं म्हणजे सॅमला मोठं काही द्यायचं नसतं. काही काळ ती अंगठी त्याच्याकडे होती, तेव्हा तिने त्यालाही भुलवलं. ओसाड मॉर्डोरची तुझ्या हुकमाने बाग होईल, तू सगळ्यांचा सरदार होशील, असं स्वप्न दाखवलं, माळ्याला भुलवायचं तर बागेनेच ना. आणि सॅमने ठरवलं की आपल्याला आपल्या दोन हातांनी सांभाळता येईल एवढी बाग पुरे. या एका जागेवर मी आयुष्यात कितीतरी निर्णय घेतलेत, घराचे, नोकरीचे, पैशाचे. म्हणून टेकडी. छोटी. चढून वर गेलं की डूम मॉन्स दिसावा एवढ्या अंतरावर.

आमच्याकडे एक संत होऊन गेले, सावता माळी, अरणचे. पंढरपूर तिथून फार लांब नाही, पण ते मळा सोडून वारीला गेले नाहीत अशी कथा सांगतात, आणि आजही त्यांच्या पुण्यतिथीच्या उत्सवाला पांडुरंगाची पालखी पंढरपुराहून अरणला येते. बाकी सगळ्या संतांच्या पालख्या देवाकडे जातात, माळ्याकडे देव येतो. सॅम टायटनवर कधी जाणार नाही, त्याला शायरमध्ये, हॉबिटांच्या गावाकडे, झाडं लावायची आहेत. तुमची पालखी त्याच्याकडे गेली तर चालेल का, एवढंच विचारायचंय.

टोल्किन स्वतः काय म्हणायचे तेही सांगते. एका लांबलचक पत्रात त्यांनी सॅमला मुख्य नायक म्हटलंय. १९१६ साली सोमच्या लढाईत ते खंदकात होते, तिथे जे साधे शिपाई आणि अधिकाऱ्यांची कामं करणारे जवान पाहिले त्यांच्यावरून सॅम घडला असंही ते सांगायचे. आणि गॅमजी हे नाव कुठून आलं माहितीये? ते बर्मिंगहॅमच्या परिसरात वाढले, तिथे कापसाला लोक गॅमजी म्हणायचे, कारण डॉक्टर सॅम्प्सन गॅमजी नावाच्या तिथल्या सर्जनने जखमेवर बांधायची कापसाची घडी काढली होती. म्हणजे ज्याचं आडनाव मलमपट्टीवरून आलं त्याने आयुष्यभर तेच केलं! (आणि लग्न केलं रोझी कॉटनशी. यावर आम्ही किती हसलोय.) पुढे १९५६ साली लंडनच्या एका खऱ्याखुऱ्या सॅम गॅमजीने टोल्किनना पत्र लिहिलं की माझं नाव रेडिओवर तुमच्या गोष्टीत येतंय म्हणे, तेव्हा त्यांनी आनंदाने उत्तर लिहिलं आणि तिन्ही भाग सही करून पाठवले. मनात मात्र धाकधूक की आता एखाद्या गॉलम आडनावाच्या माणसाचं पत्र न येवो.

नाव कोणत्या दिवशी द्यावं याबद्दलही माझं म्हणणं आहे, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं, शांतपणे वाचा. पुस्तकात अंगठी आगीत पडते तो दिवस २५ मार्च. म्हणून २००३ पासून टोल्किन सोसायटीने २५ मार्च हा जगभर टोल्किन वाचनदिन केलाय, आमच्याकडे आम्ही त्या दिवशी एकमेकांच्या घरी जमून मोठ्याने वाचतो, कधी पाडवा नुकताच झालेला असतो तर गाठीही असते. दोन वर्षांनी त्याच तारखेला, २५ मार्चला, सॅमला पहिली मुलगी होते, एलानोर, सोनेरी फुलाच्या नावाची. आणि क्रिस्तियान हायगेन्सने आपल्या भावाबरोबर बसून भिंगं घासून दुर्बीण केली आणि तिच्यातून शनीशेजारी टायटन पहिल्यांदा पाहिला, ती तारीख आहे २५ मार्च १६५५. टोल्किनच्या जन्माच्या दोनशे सदतीस वर्षं आधी! मी हे दादाला रात्री अडीचला फोन करून सांगितलं, तिकडे संध्याकाळ होती, आणि तो बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, चिमणे, पत्र लिही. हे ते पत्र.

नियम मला माहीत आहेत. कुणी मागितलं म्हणून नाव मिळत नाही, त्या जागेचा अभ्यास चालू असावा लागतो, शास्त्रज्ञांना नावाची गरज पडावी लागते. नाव सोपं आणि गोंधळ न करणारं हवं, सॅमवाइज सोपंच आहे. खऱ्या माणसाचं नाव द्यायचं तर तो जाऊन किमान तीन वर्षं झालेली असावीत, हा नियम गोष्टीतल्यांना लागत नाही, पण लावला तरी हरकत नाही, रोझी गेल्यावर शायरच्या पंचांगाप्रमाणे १४८२ मध्ये, २२ सप्टेंबरला, सॅम घोड्यावर बसून निघाला, या सगळ्या हकिगतीचं लाल पुस्तक एलानोरच्या हातात दिलं आणि पश्चिमेकडे गेला. त्यानंतर त्याला कुणी पाहिलं नाही.

आणि गरजही पडेलच. नासाचं ड्रॅगनफ्लाय २०२८ मध्ये निघणार आहे आणि २०३४ मध्ये टायटनवर उतरणार आहे, पंख्यांवर उडणारं, एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाणारं. ते डूम मॉन्सजवळ उतरणार नाही हे मला ठाऊक आहे, पण टायटनकडे पुन्हा सगळ्यांचे डोळे लागतील, कॅसिनीचे जुने रडार नकाशे पुन्हा उघडले जातील, नवी टेकाडं मोजली जातील. तेव्हा कुणा संशोधकाला सोत्रा पॅटेराच्या आसपासच्या एखाद्या टेकडीबद्दल लिहायचं असेल आणि तो तुम्हाला विचारेल, हिला काय म्हणू? तेव्हा तुमच्या फाइलमध्ये हे नाव असू द्या. एवढीच विनंती.

दर ३ जानेवारीला, टोल्किनच्या वाढदिवशी, जगभरचे वाचक आपापल्या गावच्या घड्याळात रात्री नऊ वाजता पेला उचलून 'प्रोफेसर!' म्हणतात. आम्ही सोलकढीचा उचलतो. पुण्यात नऊ वाजतात तेव्हा दादाकडे सकाळचे साडेदहा असतात, तो ऑफिसातून कॉफीचा मग कॅमेऱ्यासमोर धरतो, आणि मग त्याचे नऊ वाजले की आमच्याकडे दुसऱ्या दिवशीची सकाळ, साडेसात, तेव्हा आम्ही चहाचा कप धरतो. म्हणजे आमचा प्रोफेसर दोनदा होतो, दुसऱ्या नाश्त्यासारखा. यावर्षीपासून आम्ही 'प्रोफेसर' म्हटल्यावर 'सॅमवाइज कॉलेस' (कॉलेस म्हणजे टेकड्या) असंही म्हणायला लागलोय. नाव अजून नाहीये, पण तोंडाला सवय असलेली बरी.

आपली,
सातारची, सध्या पुण्याची एक वाचक
(आणि दादा, आणि राजगडचा सॅम्या)

ता.क. प्लूटोजवळून गेलेल्या न्यू होरायझन्स यानाच्या टीमने शॅरॉनच्या ध्रुवावरच्या काळपट डागाला मॉर्डोर म्हणायला सुरुवात केली आणि प्लूटोवरच्या एका डागाला बॅलरॉग, म्हणजे पुस्तकातला आगीचा राक्षस. बॅलरॉगला पंख होते की नव्हते यावरून आमच्यात दोन तट आहेत आणि दादा आणि मी समोरासमोरच्या तटांत आहोत. त्या डागाचा आणखी स्पष्ट फोटो कधी आला तर कृपया कळवा.